तळ्यातल्या दीपगृहाची दिवेलागण

नोव्हेंबर १९८८

आई, तुला इथूनच वाकून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. यांना हॉस्पिटलातून सवड मिळत नाही, एवढंच. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या तळ्यात, भर पाण्यात, धुक्यात चुकणाऱ्या होड्यांसाठी बांधलेलं जुनं दीपगृह आहे. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, ते पाडणार होती. शेजारच्या मार्गारेटबाईंनी माणसं जमवून वाचवलं. रंगवायला मीही होडीतून जायचे, कुडकुडत!

शनिवारी कित्येक वर्षांनी तिथला दिवा लागला. सवयीनं माझे हात जोडले गेले. सगळ्यांना वाटलं, असंच करायचं असतं. काठावरच्या साऱ्यांनी टोप्या काढून हात जोडले गं!

इतक्या वर्षांत दिवेलागणीला मी पहिल्यांदाच एकटी नव्हते. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं, काळजी करू नकोस.

तुझी,
सुप्रभा