रुसलेल्या पाहुण्यांचा रूट

ती. रंगनाथमामांस सेलूहून भाची संघप्रियाचा वाकून जय भीम. गुडघा कसा हाय? पारूमामींचा खोकला थांबला का? (म्हशीचं इचारत न्हाई, तिची तब्येत आपल्या सगळ्यांपेक्षा बरी असती.) आमी मजेत हाव, म्हणजे लग्नघरात जेवढं मजेत राहता येतं तेवढं.

तर मामा, माझ्याच लग्नाच्या आमंत्रणाची वेबसाइट मीच केली. बाबांचा हट्ट, पोरगी एवढं कॉम्प्युटर शिकली मग पत्रिका वाटत फिरायचं कशाला? आमच्या कामात फ्रेमवर्क नावाचा आयता सांगाडा असतो. त्याला ‘पाहुणे’ एवढं सांगितलं की यादी बघायचा, नवं नाव घालायचा, दुरुस्त करायचा, काढून टाकायचा, सगळे रस्ते (आमी त्याला रूट म्हणतो) फुकटात तयार. मी लय खुश. आई मागून बघत होती. तिनं इचारलं, "आन् रुसलेले कुठं दिसतेत?" आता घ्या! ज्यानं हे फ्रेमवर्क बनवलं त्याच्याकडं लग्नात कुणी रुसतच नसंल का? मग तो रूट मी हातानं लिहिला, पण आयत्या रूटच्या खाली. मशीन वरून खाली वाचत येतं, आन् वरचा आयता रूट ‘पाहुणे’च्या पुढं जे येईल ते पाहुण्याचं नावच समजतो. त्याला वाटलं, ‘रुसलेले’ हा एखादा पाहुणाच हाय. त्यानं शोधलं आन् जाहीर केलं, असा पाहुणा सापडत नाही. बाबांनी टाळीच वाजवली, "बघा, कुणीच रुसलं न्हाई!" आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते चहा न घेताच वावरात गेले.

ती ओळ वर सरकवली, तवा चाललं. यादीत आईनं घालायला लावलेलं नाव एकच. (कुणाचं ते पुढं.) मग त्या एकासाठी ‘मनधरणी’ नावाचा रूट केला. बटण दाबलं की निरोप जावा, "झालं गेलं विसरा, तुमच्याशिवाय मांडव सुना हाय." इथं माझी अक्कल चरायला गेली. एका पाहुण्याचा रूट वेगळा असतो, सगळ्यांचा मिळून वेगळा. मी मनधरणी सगळ्यांच्या नावावर टाकली, आन् बाबांनी बटण दाबलं. अरारा! जे रुसले नव्हते ते इचार करायला लागले, आपल्या पाठीमागं झालं तरी काय? देवगाव फाट्याची बायनाआत्या "मी कशावर रुसलेय ते आधी सांगा" म्हणत भांडायला आली आन् पापड लाटून, जेवून गेली. नवऱ्याकडचे तर जीप करून आले, उलट आमचीच माफी मागायला! इतकं हसलो मामा, की लग्नाआधीच लग्न लागल्यागत झालं. निरोप सगळ्यांना पोचला. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्यालाच तेवढा न्हाई, कारण त्यानं आमच्या घरचे सगळे नंबर बंद करून ठेवलेत.

तुमची लाडकी (अजून असले तर),
संघप्रिया

ता. क. ते नाव तुमचं, हे वळखलंच असंल. सख्ख्या भाचीचं लग्न आन् बाबांनी नुसता फोन केला, पत्रिका घेऊन दारात कुणी आलं न्हाई. राग बरोबर हाय तुमचा. पण आई म्हणायलीय, भाऊ आला न्हाई तर मांडवात पाय ठेवणार न्हाई. आन् मामा, तुमच्याशिवाय मला बी करमायचं न्हाई. या ना.

ता. क. दुसरा : पाकिटाला तिकीट न्हाई, बघितलं का? पत्र मामींच्या हाती आत दिलंय. मी पत्रिका घेऊन बाहेर ओट्यावर बसलेय, आन् तुमी मघाशी हसलात ते मला इथं ऐकू आलंय.