पोथीखालची हिरवी चोळी

माय, तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता कितीतरी मोठी झाले आहे. तुला वाचता येत होतं, म्हणून हे लिहायला बसले. भाजीवालीच्या तराजूकडे मी आजही वाकून बघते, आणि सुना त्यावरून हसतात. हा संशयी स्वभाव मला कुठून लागला ते त्यांना माहीत नाही. तो आपल्या माजघरात लागला, मी नऊ-दहा वर्षांची असताना.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि गावात मुलींना शाळा नव्हती. वडील वारून दोन वर्षं झाली होती. घर मोठ्या आईच्या, म्हणजे तुझ्या थोरल्या जावेच्या, हातात होतं. तू दुपारभर माजघरात बसून घरातलं फाटकं शिवायचीस, गोधडीला टाके घालायचीस, नाहीतर पोथी वाचायचीस. मला अक्षरं तूच शिकवलीस. विधवेनं रंगीत रेशमाला हात लावायचा नाही, असं कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

एका दुपारी मी अंगणातून आत येते, तर छताच्या लाकडांवर उजेडाचे बारीक ठिपके थरथरतायत. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि ठिपके गेले. तू पोथी उघडून बसलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी पोथीतल्या मोरपिसावर नजर ठेवली. चार दिवस ते एकाच पानावर होतं. तुझ्या बोटांना हिरवट रंग दिसला म्हणून विचारलं, तर म्हणालीस, "मेथी निवडली गं." त्या दिवशी आपल्याकडे पिठलं होतं. लमाणांच्या तांड्यावरची एक बाई जवळा गावच्या बाजाराला जाता जाता लाकडाची मोळी टाकायला यायची, ती तुझ्याशी कुजबुजून जायची. तिच्या चोळीवर बारीक गोल आरसे चमकायचे. माझं डोकं चालू लागलं.

तू विहिरीवर गेलीस तेव्हा मी तुझी पेटी उघडली. पोथीच्या फडक्याखाली हिरव्या खणाची चोळी होती. बाह्यांवर रेशमाची वेल, वेलीत तसलेच आरसे, आणि माप मोठ्या बाईचं. हिरवा रंग तर नवरीचा. त्याच महिन्यात शेजारच्या गावातली एक विधवा पाट लावून दुसऱ्या घरी गेली होती, आणि तिची पोरगी दिराकडे मागं राहिली होती. मला वाटलं, आता आपली पाळी. तुला विचारावं हे सुचलंच नाही. मी सरळ चुलीपाशी गेले. "मोठी आई, माय पाट लावून चालली का?"

"काहून गं? कोण म्हणलं?"

मी तिला पेटी दाखवली.

तू घागर घेऊन आत आलीस तेव्हा चोळी खाटेवर पसरलेली होती आणि मी कोठीच्या दाराआड उभी होते. "ही कुणाची?" मोठ्या आईनं विचारलं. "लेकीची. तिच्या लग्नाला," तू म्हणालीस.

"मग माप तुझं काहून?"

"अंगानं माझ्यावरच जाईल न्हाई का ती, बाई?"

"विधवेच्या हातचं नवरीच्या अंगाला लावतेत व्हय? आन् तुझीच आसंल, तर मग बोलायलाच नको." तिनं चोळी, रेशीम, सुया सगळं उचलून आपल्या पेटीत टाकलं. माझं नाव मात्र तिनं घेतलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. तांड्यावरच्या बाईला मोळी बाहेरूनच टाकून जायला सांगितलं गेलं. तुझं मोरपीस रोज पुढं सरकायला लागलं, आणि मला ते बघवत नव्हतं.

माझ्या लग्नात मी शिंप्यानं शिवलेली चोळी घातली. तू गेल्यावर महिन्याभरानं मोठ्या आईनं ती हिरवी चोळी मला आणून दिली. "घे, तुझीच हाय म्हणं." ते 'म्हणं' अजून माझ्या कानातून जात नाही. दार लावून मी ती घालून पाहिली. बराबर बसली. पण आपल्या दोघींचं माप एकच, त्यावरून काय कळणार? तू तेव्हा पंचविशीतली होतीस. आता मला मनापासून वाटतं, ती तुझीच असावी. कुणीतरी कुठंतरी तुझी वाट बघत असावं. आणि असं वाटलं की लगेच दुसरं सुचतं, की मग ते मी मोडलं.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. पोथीत ठेवीन, मोरपिसापाशी. एवढंच सांगायचं राहिलं. शेवटच्या आजारात मी तुझे पाय चेपत असताना तू विचारलंस, "माझ्या पेटीला हात कुणी लावला आसंल गं?" मी म्हणाले, "मोठी आईच. दुसरं कोण?" तू मान हलवलीस. त्यानंतर तिच्या हातचं पाणी तू घेतलं नाहीस. ती रोज तांब्या घेऊन दारापर्यंत यायची, माझ्याकडे बघायची आणि तसाच भरलेला तांब्या घेऊन परत जायची.