तळहातावरचा शिक्का

तीर्थरूप बाबा,

लांबूनच पायांना हात लावते. मी मजेत आहे. वेळेवर जेवते, आईला सांगा.

प्रयोग अखेर जमला. जिवाणूत आम्ही प्लाझमिड, म्हणजे डीएनएचं छोटंसं कडं सोडतो. आत त्याच्या प्रती निघायला हव्यात, पण निघतच नव्हत्या. मला वाटलं, माझाच हात वाईट. पण जिवाणूचेही राखणदार असतात, एन्झाइम. ओळखीची खूण नसलेलं कडं ते प्रती निघण्याआधीच कापून टाकतात. कडं आधी खूण उमटवणाऱ्या जिवाणूत वाढवायचं असतं, तेच माझ्याकडून राहिलं होतं. आता भराभर प्रती निघतायत.

मला तुमच्या कारखान्याचं फाटक आठवलं. मी डबा घेऊन यायचे. तुम्ही पोटच्या पोरीलाही "पास?" विचारायचात आणि मग हसून तळहातावर शिक्का मारायचात.

परवा तुम्ही आईलाच दारात अडवलंत म्हणे. ती हसत सांगत होती, पण आवाज कापरा होता. गोळ्या घेता ना? मनाला लावून घेऊ नका. राखणदाराचं काय चुकलं?

पुढच्या महिन्यात येतेय. ओळखू नाही आले, तर दारात तळहात पुढे करीन. तुम्ही खुशाल पास विचारा.

तुमची,
डबा आणणारी