याडीचा रुपया दुसऱ्यांदा नापास

आदरणीय दौलतसिंग जवाईबापू यांस,

आसेगावहून धनराजचा हात जोडून रामराम. इकडं सारे खुशाल हाओत, सोयाबीन घरात आलं. तुमचा गुडघा आता पायऱ्या चढू देते का नाई, ते कळवा. शीलाले (माही बहीण असली तरी आता तुमच्या ताब्यात हाय) आशीर्वाद. माही माय, आपली याडी, मात्र माह्याशी बोलत नाई, अन् त्यात थोडा तुमचाही हात हाय.

दिवाळीत याडीच्या (म्हणजे तुमच्याच सासूबाईंच्या) गळ्यातल्या माळेचा एक रुपया उलटापालटा करून तुमीच म्हणाले होते, हा लई जुना हाय, याची परीक्षा करून घ्या, नाणं किती चांगलं त्याचा नंबर भेटते, प्लास्टिकच्या डबीत सील होऊन येते. मले वाटलं, निकिताच्या लग्नात व्याह्यासमोर डबी ठेवू, म्हणजे पोरीच्या बापाची छाती जरा फुगंल. सोनाराकडून रुपयाची कडी तोडून घेतली अन् परीक्षा करणाऱ्या कंपनीले पाठवला. डबी आली, पण नंबराच्या जागी लिहिलं होतं, 'अस्सल, पण घासलेलं, म्हणून नंबर नाई.' आता याडी दर दिवाळीले माळ चिंचेनं अन् राखेनं घासते (लक्ष्मी काय काळ्या तोंडानं पुजावी?). अशा स्वच्छ बाईचा रुपया नापास! मले रागच आला.

म्हटलं, एका शाळेत नापास झालं तं दुसऱ्या शाळेत नाव टाकू. चुलतभाऊ धरमसिंगनं मोबाईलवर दुसरी कंपनी शोधून देली. पहिला शेरा त्यायले दिसू नये म्हणून मी डबी हातोडीनं फोडली. एक घाव रुपयाच्या काठाले बसला (लहानच). मंग मी चहा घ्याले गेलो, तेवढ्यात याडीनं रुपया पुन्हा चिंचेनं घासून चकचकीत केला. म्हणे, परक्याच्या घरी जाते, मळका कसा पाठवू? तसाच बांधून पाठवला, कप्पाळ!

दुसरी डबी आली. 'अस्सल. घासलेलं. काठाले मार. वर कडी लावल्याचं नुकसान.' निकितानं वाचून दाखवलं. याडी म्हणाली, "ते कडी माह्या बापानं माह्या लग्नात लावून देली होती. त्याले हे नुकसान म्हणून राह्यले?" तवापासून माळ उतरवून ठेवली हाय. अशी बोडखी माळ घालून नातीच्या लग्नात गाणं म्हणणार नाई म्हणते. अन् जवाईबापू, आपल्या तांड्यात याडीच्या गाण्याबिगर लग्न लागलेलं मले तरी आठवत नाई. लई वाईट वाटून राह्यलं.

म्हणून डबी सोबत पाठवतो. तुमच्या पुण्यात तिसरी कंपनी असंलच. स्वतः जाऊन त्यायले नीट समजावून सांगा.

तुमचा,
धनराज

ता. क. : पार्सलात नुसती फुटकी डबी निघंल, रुपया नाई, दचकू नका. मी पार्सल बांधाले दोरी शोधत होतो, तोवर याडीनं ते वरवंट्यानं फोडली अन् सोनाराकडून रुपयाले परत कडी लावून आणली. आता माळ घालून अंगणात गाण्याची तालीम करून राह्यली. माह्याशीही बोलली (शिव्याच, पण बोलली).

आणखी ता. क. : तिसऱ्या कंपनीत तरी जाच. याडी म्हणते, डबी मजबूत होती, मिशरीले ओल लागणार नाई. तशीच एक आणा, पण उघडणारी. नंबर नसला तरी चालंल, फक्त चिठ्ठीवर 'नुकसान' खोडून 'बापाची कडी' असं लिहून आणा.