मागची खोली

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. धंदा कसा चाललाय म्हणून विचारलंस. लोक म्हातारे होताहेत तोवर कवळ्या बनवणाऱ्याला काळजी नाही, तेव्हा तू निर्धास्त अस.

शेवटी शहराबाहेर घर घ्यायचं ठरलं. इथे चिमणीची खाट उघडली की कपाट उघडत नाही आणि कपाट उघडलं की चिमणीची आई स्वयंपाकघरात अडकते. दोन वसाहती मनात भरल्या आहेत. एक टेकडीवरची, नवी कोरी. दुसरी पाण्याच्या टाकीजवळची, जुनी. दुसरीत एक निवृत्त नर्सबाई घर विकताहेत. त्यांच्या स्वयंपाकघरामागे एक खोली आहे. अंगणात उघडणारं स्वतंत्र दार, स्वतंत्र नळ. पाहिल्याक्षणी मला आत्या दिसली त्या खोलीत.

आता खरं घोडं तिथेच अडलंय. गेल्या वर्षी आमच्याकडे राहायला ये म्हटलं, तर तिने विषय बदलून माझ्या शर्टाच्या कॉलरला नावं ठेवली. मागच्या महिन्यात ती जिन्यावरून घसरली, ते आम्हाला कळलं दूधवाल्याकडून. म्हणून मी एक डाव टाकला आहे. तुझ्या नजरेवर आमचा भरवसा, दोन्ही वसाहती बघून ये, असं तिला कळवलं आहे. खोली कोणासाठी याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. घर तिनेच पसंत केलं की मग नाही कुठल्या तोंडाने म्हणेल?

चिमणीची आई म्हणते, सरळ विचार. पण सरळ नकार आला तर पुढे काय करू? आईबाबांमागे जिने आपल्याला वाढवलं, तिला त्या जिन्याच्या भरवशावर टाकून मला नव्या घरात घास गोड लागायचा नाही.

भावजींना नमस्कार. माझ्यावर रागव, पण पत्र पाठव.

तुझा भाऊ


ता. १९ फेब्रुवारी

चि. दातवाल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सोपवलेलं काम फत्ते केलं. जिन्याचा विषय काढू नये, मी ठणठणीत आहे.

आधी टेकडी. रस्ते असे स्वच्छ की पाय ठेवायला संकोच वाटावा. भिंती उंच, फाटकं बंद. एका बाईंना परतीच्या बसची वेळ विचारली, तर म्हणाल्या, इथे बस येते हेच त्यांना माहीत नव्हतं. सबंध दुपार हिंडले, पण भांडणाचा आवाज नाही की हसण्याचा नाही. चिमणी तिथे शहाणी होईल, पण मुकी होईल. टेकडी नको.

टाकीची वसाहत मला आवडली. पोचले तेव्हा दोन शेजारणी कुंपणावरून तावातावाने भांडत होत्या. मी पत्ता विचारला, तशा दोघी भांडण सोडून माझ्या मदतीला आल्या आणि दोघींनी मला दोन वेगळ्या दिशांना पाठवलं. शिवाय वाचनालय आहे, बस दारापर्यंत येते, आणि कोपऱ्यावरचा चांभार गिऱ्हाईक नसेल तेव्हा पोरांच्या सायकलींच्या साखळ्या चढवून देतो. अशा ठिकाणी माणूस हरवला तर संध्याकाळपर्यंत सापडेल.

नर्सबाईंचं घर मात्र घेऊ नकोस. मी जन्मभर गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतलं आहे, बेत बिघडला की मला लांबून दिसतं. माणसं तीन आणि मागे ती एक खोली उगाच लटकलेली. ना स्वयंपाकघराची, ना अंगणाची. निव्वळ चिंधी. तिथे तुम्ही मोडक्या खुर्च्या भरणार आणि वर्षभर झाडत बसणार. त्याच ओळीत पलीकडे एक घर रिकामं आहे, अगदी तुम्हा तिघांच्या मापाचं, कुठे घडी नाही की झोळ नाही.

तुझा स्वभाव भिडस्त, नाही म्हणताना तुला घाम फुटतो. म्हणून ते कामही मीच उरकून आले. नर्सबाईंना सांगितलं, आमच्यासाठी घर अडवून ठेवू नका. त्यांच्याकडे आणखी एक जोडपं खेपा घालतंय म्हणे. बाई मात्र झकास आहेत. खोली कशी फुकट गेली आहे हे मी त्यांना पावलांनी मोजून दाखवलं, तरी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

चिमणीला गोड पापा. सूनबाईंना आशीर्वाद, आणि तुला कान पिळून माया.

तुझी आत्या


ता. २४ फेब्रुवारी

ती. आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न विचारता लिहिते आहे. तुमचं पत्र वाचल्यापासून ह्यांचं कामात लक्ष नाही. काल एका गृहस्थांच्या कवळीत एक दात जास्त बसवला. ते गृहस्थ ती तोंडात घालून बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले.

आत्या, ती मागची खोली तुमच्यासाठी होती. घर तुम्ही पसंत केलंत की मग तुम्हाला सांगायचं, असा ह्यांचा बेत. मी पहिल्यापासून म्हणत होते की आत्यांना सरळ विचारा. पण ह्यांना तुमच्या नकाराची धास्ती वाटते, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटते. तुम्ही जिन्यावरून पडलात हे आम्हाला तिसऱ्याच माणसाने सांगावं, याचं फार वाईट वाटलं. रात्री दाराशी कोणी जरा उशिरा आलं तरी हल्ली तुमचीच काही बातमी असेल म्हणून मी धावत जाते.

तुम्ही सुचवलेलं घर छान असेल, पण तुमच्याशिवायचं माप आम्हाला नको आहे. आमच्या सोयीचं काय ते तुम्ही पुष्कळ बघितलंत. या वेळी फक्त तुम्हाला काय हवंय ते कळवा. नको असेल तर तसं कळवा, आम्ही रागावणार नाही. ह्यांच्या वतीने मात्र खात्री देत नाही.

चिमणी विचारते आहे की तुम्हाला उंदरांची भीती वाटते का. का विचारते ते सांगत नाही.

राग नसावा, माया असावी.

तुमची सून


ता. ३ मार्च

सौ. सूनबाईस व चि. दातवाल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दारातच उभ्याने वाचलं आणि मग खाली बसले. रडले. नंतर तुझ्या नवऱ्याचा राग आला, नंतर माझा. माणसं मोजताना मी तू, तो आणि चिमणी एवढीच मोजली. मी त्यात असेन हे डोक्यातच आलं नाही. कात्री धरणाऱ्या बाईचं माप कोण घेतं?

तुमच्याकडे यायला मी नाही म्हणत होते, कारण मला कोणाच्या घरात कोपऱ्यातलं अंथरूण व्हायचं नव्हतं. माझ्या पाहण्यात अशा बायका आहेत. सकाळी सगळ्यांच्या आधी गादी गुंडाळायची आणि दिवसभर कोणाच्या वाटेत येत नाही ना ते बघायचं. पण स्वतःचं दार असलेली खोली म्हणजे काही कोपरा नव्हे. आणि त्याच खोलीला मी चिंधी म्हणून आले.

सकाळची बस धरून नर्सबाईंकडे गेले. कसं तोंड दाखवायचं, वाटेत शंभर वाक्यं जुळवली. बाई मला बघून हसायलाच लागल्या. ते दुसरं जोडपं येऊन गेलं होतं. मागच्या खोलीबद्दल माझं जे म्हणणं होतं, ते बाईंनी भाबडेपणाने त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांना ते इतकं पटलं की त्यांनी पलीकडचं, तुमच्या मापाचं घर घेऊन टाकलं. तेव्हा ते घर आता गेलं, आणि हे अजून आहे. नशीब काही वेळा मूर्खाचीही बाजू घेतं.

मग मी त्या खोलीत जाऊन बसले. या वेळी नुसती बसले. डावीकडे खिडकी आहे, उजेड हातावर सरळ येतो. अंगणातून दोन्ही शेजारणींचं भांडण स्पष्ट ऐकू येतं, म्हणजे करमणुकीची सोय झाली.

माझ्या अटी ऐका. माझ्या दारावर टकटक केल्याशिवाय आत यायचं नाही. चिमणीला माफ. माझी शिवणाची गिऱ्हाइकं माझ्या दाराने येतील, त्यांच्या दातांकडे दातवाल्याने आशेने बघायचं नाही. आणि पुन्हा मी पडले तर मीच आधी सांगीन, हा शब्द देते. उंदरांना मी भीत नाही. चिमणीने काय पाळायचं ठरवलंय ते तेवढं मला आधी कळवा.

आता मुख्य मुद्दा. काल माझं कापड बेतायचं टेबल मी तिकडे नेलं, तर ते त्या दारातून आत जाईना. सुताराला बोलावून खिडकीची चौकट काढवली, टेबल आत घातलं, चौकट परत बसवली. नर्सबाईंनी खुशीने परवानगी दिली, वर स्वतः एक बाजू उचलून धरली. इथे मी सध्या जमिनीवर बसून बेतते आहे आणि गुडघे मला शिव्या घालताहेत. तेव्हा कागदपत्रं लवकर उरका. टेबल तिथे आणि मी इथे, हे फार दिवस चालायचं नाही.

लोभ आहे तो वाढवा.

तुमची,
मागच्या खोलीतली आत्या