दगडावरची गावं

प्रिय ठमे,

फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच. तुझा आवाज ऐकला की जेवलीस का, झोपलीस का, याच्यापुढे माझी गाडी जात नाही. फोन ठेवल्यावर मग खरं बोलायचं ते आठवतं. म्हणून आज दातांच्या लॅबमधून लवकर निघाले, कवळ्यांचं प्लॅस्टर हाताला लागलेलं ते खरवडून धुतलं आणि लिहायला बसले. आधी मुद्द्याचं सांगून टाकते : बाबा बरे आहेत. पूर्वीसारखे नाहीत, पण बरे आहेत. गेल्या नऊ आठवड्यांत हे वाक्य तुला कितीदा ऐकवलं असेल, पण आज पहिल्यांदाच ते खोटं वाटत नाहीये.

तू दोन आठवडे राहून परत गेलीस तेव्हा त्यांचा उजवा हात हलत नव्हता आणि काहीही विचारलं तरी ते 'उद्या' म्हणत होते. पाणी हवंय? उद्या. कूस बदलायची? उद्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूला झटका बसला की कधी कधी एकच शब्द जिभेवर अडकून राहतो, माणसाला आतून मात्र सगळं कळत असतं. हे ऐकून मला धीर यायला हवा होता; उलट मी हबकलेच. कारण घास भरवताना ते माझ्याकडे असं टक लावून बघायचे, की मी उगाच उठून खिडकीची काच पुसत बसायची. आणि तुला फोनवर सांगायची, सुधारणा आहे हं.

आता एक कबुली देते, रागावू नकोस. चौथ्या आठवड्यात मी बाबांची जपानी चित्रं विकायला काढली. निमित्त होतं भिंतीचं. त्यांना धरून चालता यावं म्हणून लाकडी कठडा ठोकायचा होता, आणि भिंतीवर एकतीस फ्रेमा. पण खरं सांगू? मला त्या चित्रांचा राग आला होता. गवती छपरांची घरं, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, बर्फात बुडालेलं कुंपण, आणि एकाही चित्रात औषधाला माणूस नाही! दर रविवारी भिंग घेऊन ते त्यांच्यासमोर उभे राहायचे, तेव्हा मी म्हणायचीच, की तुम्हाला बरी माणसं नसलेली गावं आवडतात. तसेही ते बोलके कधी नव्हतेच. आता तर मला वाटलं, हे तिकडेच जाऊन राहिले कायमचे, आणि मी इथे ताट-वाटी धरून बसले आहे.

हा नाद त्यांना कसा लागला, ते तुला कधी सांगितलं की नाही, आठवत नाही. छापखान्यात ते प्लेटा करायचे तेव्हाची गोष्ट. एक गिऱ्हाईक कॅलेंडरसाठी नमुना म्हणून असंच एक जपानी चित्र देऊन गेलं. बाबांनी सवयीनं त्याला भिंग लावलं, आणि आत ठिपके नव्हतेच. आपल्याकडच्या छपाईत आभाळसुद्धा ठिपक्यांचं असतं. या चित्रात नुसता वाळूसारखा बारीक कण होता, कारण ते दगडावर तेलकट खडूनं काढून मग कागदावर उतरवलेलं होतं. जन्मभर ठिपके बघितलेल्या माणसाला बिनठिपक्यांचं आभाळ सापडलं! तेव्हापासून चित्रांच्या दुकानात फेऱ्या सुरू झाल्या. चित्राखाली पेन्सिलीनं लिहिलेला प्रतीचा आकडा आणि चित्रकाराची सही मला दाखवायचे आणि मी भाजी चिरत 'हो का' म्हणायची.

तर त्याच दुकानाच्या काकांना मी बोलावलं. त्यांनी सगळ्या फ्रेमा उतरवल्या, कागदात गुंडाळायला घेतल्या, आणि मध्येच थांबून म्हणाले, साहेबांना एकदा दाखवतो आणि मग नेतो. मी म्हटलं, कशाला, त्यांना काही कळत नाही. बघ ना, डॉक्टरांनी नेमकं उलट सांगितलं होतं, तरी माझ्या तोंडून हे निघालं, तेही त्यांच्या समोर. काकांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. बर्फातल्या घराचं चित्र त्यांनी बाबांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी डाव्या हातानं फ्रेमेची कड पकडली ती सोडेचनात. काकांनी जरा ओढून पाहिलं, मग हात मागे घेतला आणि म्हणाले, "वहिनी, मी यातलं एकही नेत नाही." मग माझ्याकडूनच ड्रिल मागून घेऊन त्यांनी कठडा खाली बसवला आणि एकतीसच्या एकतीस फ्रेमा त्याच्या वरच्या भिंतीवर पुन्हा टांगून दिल्या. जाताना म्हणाले, "तुम्ही दुकानात कधी आला नाहीत, पण तुम्हाला पाणी आवडतं हे मला माहीत आहे. पाण्याचं चित्र आलं की साहेब ते बाजूला ठेवायला सांगायचे, आमच्या हिला आवडेल म्हणून." ते गेल्यावर मी मोजलं. एकोणीस चित्रांत पाणी आहे. ओढा, खाचर, पाणचक्की, तळं. मला पाणी आवडतं असं मी कधी म्हटलं होतं, ते मलाच आठवेना.

त्यानंतरच्या आठवड्यात स्पीच थेरपीला गेलो. थेरपिस्ट तुझ्याच वयाची आहे, भलती चिकाटीची. ती सफरचंद, खुर्ची, मांजर अशी कार्डं दाखवायची आणि बाबा बालवाडीत बसवल्यासारखे तोंड फिरवायचे. शेवटी ती म्हणाली, यांच्या जवळचं काहीतरी घेऊन या. मी पाणचक्कीचं चित्र उचलून नेलं. "हे काय आहे, काका?" उत्तर अर्थातच 'उद्या'. मग तिनं मला विचारलं आणि मी म्हटलं, जपानी चित्र आहे, लाकडी ठशाचं. आता तू म्हणशील, आई, अजूनही? काय करू, इतकी वर्षं तेच म्हणत आले. आधी कळत नव्हतं म्हणून, नंतर ते चिडतात म्हणून. त्या दिवशी मात्र चिडवायचं मनातही नव्हतं, सवयीनं निघून गेलं. बाबांचा चेहरा लाल झाला. डावा हात टेबलावर असा आपटला की ग्लास आडवा झाला. ओठ वाकडे होत होते, नुसतं द... द... चाललं होतं. मी मदतीला पुढे झाले तर थेरपिस्टनं माझं मनगट धरून मला थांबवलं. आणि ते ओरडले, "दगड!"

मला वाटलं, मलाच म्हणाले. मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी अशी हसत सुटले की डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं, तेही कळलं नाही. बाबाही हसले, चेहऱ्याच्या एका बाजूनं. ती पोरगी बिचारी आळीपाळीनं आमच्याकडे बघत राहिली. तिला दगडाचं सगळं समजावून सांगेपर्यंत आमची वेळ संपली.

आता रोज एक चित्र, असं चाललंय. कठडा धरून बाबा एकेका फ्रेमेपाशी थांबतात आणि त्यातले शब्द वेचतात. छप्पर. गवत. ओढा. वाट. कालपर्यंत सव्वीस शब्द झाले. कधी गल्लत होते. परवा माझ्याकडे बोट दाखवून 'बदक' म्हणाले. थेरपिस्ट म्हणते ती चूक होती, मला तितकीशी खात्री नाही.

आणि आता, ठमे, ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "आई, मी सगळं सोडून परत येऊ का?" आणि मी गप्प राहिले. तू त्याचा अर्थ 'ये' असा घेतलास आणि बुधवारी कळवलंस, की राजीनामा लिहून ठेवलाय, महिनाअखेर देणार. तुझा अर्थ बरोबर होता. मला तू हवी होतीस. पण 'ये' म्हटलं तर उद्या दोष माझ्याकडे येईल, म्हणून मी तोंड मिटून बसले आणि निर्णय तुझ्यावर ढकलला. प्रशिक्षणाला दीड वर्ष झालं, आता सहा महिन्यांत तू त्या मनोऱ्यात बसून विमानं उतरवशील, आणि मधेच सोडलं तर पुन्हा दार उघडत नाहीत, हे मला माहीत असूनही. काल मी हे सगळं बाबांना सांगितलं, काही न लपवता, आणि विचारलं, काय लिहू तिला? ते खूप वेळ शब्द शोधत राहिले. मग म्हणाले, "नको." माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला आणि पुन्हा शोधायला लागले. चहा पार थंड झाला. शेवटी म्हणाले, "सु... सुट्टीत." हे शब्द कुठल्याच चित्रात नाहीत गं, ते त्यांनी स्वतःचे स्वतः काढले. तेव्हा तो राजीनामा फाडून टाक, पोरी. आम्ही दोघं निभावून नेतोय. तू सुट्टीत ये.

तुझ्या सुट्टीकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
आई