रिकामा डबा परत देत नाहीत

गुणवंतदादा,

सलाम. माझी नोकरी गेल्यापासून दाराच्या कडीला रोज कुणीतरी गुपचूप डबा अडकवून जायचं. पहिल्याच घासाला मी वहिनीच्या हातची आमटी ओळखली. पण तू लपवतोयस म्हणून गप्प राहिले. 'डबा देणाऱ्याचं भलं कर' एवढीच प्रार्थना करायचे.

आणि काल तू चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिलास! 'माझ्या बहिणीकडे चूल पेटत नव्हती, प्रभूने माझा वापर केला.' अख्खं फरीदाबाद माझ्याकडे वळून 'आमेन' म्हणालं.

तुझं गुपित मी देवासमोरही फोडलं नाही, दादा.

धुतलेल्या डब्यात हे पत्रच घालणार होते. पण डबा वहिनी उघडेल. म्हणून पत्र तुला वेगळं पाठवतेय. डब्यात साखर घातलीय, फक्त तिच्यासाठी.

रेवती